यंदाची गोळी कडू नाही

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, मागच्या गल्लीत, औषधं तपासून देणारी एक खासगी लॅबोरेटरी होती. तिथं 'नापास' हा शब्द चालत नसे. औषधं नापास होत नसत असं नाही. व्हायची की, चांगली दणकून व्हायची. सिरपमध्ये औषधाचा पत्ता नसायचा, मलमात खडे निघायचे. पण ते कागदावर कधी यायचं नाही, कारण तिथली एक रीत होती. सॅम्पल नापास झालं की रिपोर्ट लिहायच्या आधी मालकांच्या केबिनमध्ये जाऊन सांगायचं. मालक फोन उचलायचे आणि ज्या कंपनीचा माल असेल तिला, म्हणजे त्यांच्या भाषेत 'पार्टी'ला, गोड आवाजात विचारायचे, "काय हो, आमच्याकडे चुकून दुसरंच सॅम्पल आलंय का?" पार्टीला लगेच आठवायचं, की हो, चुकूनच आलं. दुसऱ्या दिवशी पार्टीचा माणूस नवी बाटली घेऊन हजर व्हायचा आणि जुनी पिशवीत घालून घेऊन जायचा. नव्या बाटलीवर बॅच नंबर मात्र तोच असायचा. मग सॅम्पल पास, रिपोर्ट पास, आणि जुनी बाटली तर कधी आलीच नव्हती!

या रीतीला तिथं 'संबंध जपणं' म्हणत. मालक शेखर सर तर अभिमानानं सांगायचे, की आमच्या लॅबवर आजवर एकाही पार्टीनं तोंड वाकडं केलेलं नाही. कशाला करील? परीक्षेला बसणाऱ्यानंच मास्तर नेमावा आणि पेपर बिघडला तर दुसऱ्याकडून लिहून आणावा, अशी सोय कोणाला नको असेल!

मोहिनी भोये तिथं अ‍ॅनालिस्ट होती. सुरगाण्याच्या डोंगरातल्या करंजमाळ नावाच्या पाड्यावरची ही मुलगी आश्रमशाळेत शिकली, मग नाशिकला हॉस्टेलात राहून रसायनशास्त्राची पदवी घेतली, आणि काही वर्षं बाटल्या धुण्यापासून सगळी कामं करत शेवटी रिपोर्टवर सही करण्याइतकी मोठी झाली. रिपोर्टवर सही कोणी करायची हे सरकार ठरवतं. लॅबमध्ये तशी मान्यता असलेली माणसं दोनच. एक मोहिनी, दुसरे रंगनाथराव, निवृत्त केमिस्ट. ते अधूनमधून यायचे, चहा घ्यायचे, पुढ्यात येतील त्या कागदांवर सह्या करायचे आणि पंचवटीत आपल्या घरी निघून जायचे.

मोहिनीला फोनची रीत माहीत होती, आवडत नव्हती, पण तिची एक समजूत होती. पार्टीला कळलं ना, की माल खराब आहे? मग पार्टी तो माल मोडून टाकणार. कळूनसवरून आजारी माणसाच्या तोंडात कोण तसलं घालेल? डोंगरात वाढलेल्या माणसाचा हा हिशेब होता. तिच्या पाड्यावर एखाद्या झऱ्याचं पाणी बिघडलं तर ज्याला आधी कळेल तो तिथं काटेरी फांदी आडवी टाकून जातो. दुसऱ्यानं पिऊ नये म्हणून. सांगावं लागत नाही. सातपूरला तशा फांद्या कोणी टाकत नाही, हे तिच्या ध्यानात यायला बराच वेळ लागला.

ते अठ्ठ्याण्णव साल होतं. भाद्रपद संपत आला होता आणि डोंगरपट्ट्यात हिवतापानं ठाण मांडलं होतं. लॅबमध्ये हिवतापाच्या गोळ्यांचं सॅम्पल आलं. पार्टीचा माणूस मनोज हसतमुख, बोलायला गुळचट. बरणी टेबलावर ठेवत म्हणाला, "ताई, तुमच्याच भागात जायचाय हा माल. पेठ, सुरगाणा, सगळ्या सरकारी दवाखान्यांत. जरा लवकर बघा."

तुमच्याच भागात म्हटल्यावर मोहिनीनं ते काम दुसऱ्या कोणाला दिलं नाही. तिनं गोळ्या खलबत्त्यात कुटल्या, पूड केली, औषध किती भरतं ते पाहिलं. पूर्ण भरलं. मग अख्ख्या गोळ्या घेतल्या आणि फुटायच्या चाचणीला लावल्या. त्याचं मशीन म्हणजे काचेच्या नळ्यांचा एक पाळणा. अंगाइतक्या कोमट पाण्यात तो खालीवर होत राहतो, पोटात गोळीचं काय होईल ते बाहेर बघायला मिळावं म्हणून. गोळी पाव तासात फुटून तिचं पीठ व्हायला हवं. मोहिनी समोर उभी राहिली. पाव तास झाला, गोळ्या तशाच. जेवायची सुट्टी झाली, ती डबा खाऊन आली, तरी तशाच. तिनं एक चिमट्यानं बाहेर काढून नखानं टोकरली. तिच्या कडासुद्धा बोथट झाल्या नव्हत्या. वाहतुकीत भुगा होऊ नये म्हणून त्या इतक्या दाबून, इतका चिकट माल घालून पाडल्या होत्या, की पोटात जाऊन कामाला येण्यापेक्षा त्या अंगणात गोट्या म्हणून खेळायला बऱ्या होत्या.

ती केबिनमध्ये गेली. "सर, हिवतापाच्या गोळ्या फुटत नाहीत."

"औषध किती भरलं?"

"पूर्ण भरलं."

"मग झालं तर!"

"आत आहे सर, पण बाहेर कधी येणार? आपण खलबत्त्यात कुटून बघतो. आजारी माणसाच्या पोटात खलबत्ता नसतो."

शेखर सरांना हे फार आवडलं. "छान बोलता हो तुम्ही, मोहिनी मॅडम," असं म्हणत हसत हसतच त्यांनी फोन ओढला. "काय मनोजराव, चुकून दुसरंच सॅम्पल आलंय का?"

दुसऱ्या दिवशी नवी बरणी आली. तिच्यातल्या गोळ्या पाण्यात पडल्या पडल्या सुटल्या. मनोज जुनी बरणी पिशवीत घालत होता, तेव्हा मोहिनीनं विचारलं, "आधीची बॅच कुठं आहे?"

"ती मोडली ताई. संपला विषय."

"आणि एका रात्रीत नवी बॅच कालवली, वाळवली, गोळ्या पाडल्या, आणि नंबरही जुनाच दिला?"

मनोजनं शेखर सरांकडं पाहिलं. शेखर सरांनी घड्याळाकडं पाहिलं. मोहिनी म्हणाली, "आधीचा माल मोडल्याचं पार्टीनं लिहून द्यावं, मग मी सही करते."

"अहो भोये," सर म्हणाले. ते चिडले की मॅडम जाऊन आडनाव यायचं. "तुम्ही पोलीस खात्यात आहात की लॅबमध्ये?"

तिनं सही केली नाही. संध्याकाळी पाड्याजवळच्या गावातून एस्टीडी बूथवरून निरोप आला, की तुझा बा तापानं पडलाय. सकाळी तिनं सीबीएस स्टँडवरून सुरगाण्याची एसटी पकडली.

देवराम भोये ओटीवर गोधडी पांघरून पडला होता. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात तो एकटाच. पोरीला बघून तो उठून बसला आणि उठल्या उठल्या त्याला घाम फुटला. पण चेहऱ्यावर काळजी म्हणून नव्हती. "कशाला रजा टाकून आली? गोळ्या चालू हायत की. तुझ्याच."

"माझ्या?"

"तू तपासलेल्या. हिरामण देऊन गेला." हिरामण म्हणजे उपकेंद्रातला आरोग्यसेवक. "दिवाळीला तूच नाय का बोलली, आपल्या दवाखान्याच्या गोळ्या तुमच्या तिथं तपासायला येत्यात? मंग म्या समद्या पाड्याला सांगितलं, भगताकडं जाऊ नका, माझ्या पोरीच्या हाताखालून गेलेली गोळी हाय ही. आयकलं लोकांनी. आन खरं सांगू का, यंदाची गोळी लय बरी. कडू नाय लागत. पोरंसोरंबी गिळत्यात."

हिवतापाची गोळी कडू नाही? ती गोळी जिभेला टेकली की माणसाचं तोंड वाकडं होतं; लहानपणी मोहिनीच्या नाकाला चिमटा लावून बा तिला ती भरवायचा. कडू लागत नाही म्हणजे ती जिभेवर सुटतच नाही. जी जिभेवर सुटत नाही ती कोमट पाण्यातही सुटत नाही, हे तिनं परवाच डोळ्यांनी पाहिलं होतं.

ती तशीच उपकेंद्रात गेली. बाहेर बाया पोरांना काखेत घेऊन उभ्या होत्या, पोरं तापानं ग्लानीत मान टाकून होती. हिरामणनं कपाटातला डबा काढून दाखवला. बॅच नंबर तोच होता.

"हा डबा आला कधी, हिरामणभाऊ?"

"पोळ्याच्या आधीच आला, मॅडम. यंदा वेळेवर आला."

पोळ्याच्या आधी! म्हणजे लॅबमध्ये बरणी येण्याच्याही आधी. मोहिनीनं डब्यावरचा नंबर पुन्हा वाचला. "अहो, पण ह्याचा रिपोर्ट अजून झालाच नाही. मी सहीच केलेली नाही."

"रिपोर्ट मागाहून येतो ना," हिरामण म्हणाला. त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. "दरसाल तसंच असतंय. माल आधी, रिपोर्ट मागून. साथ काय रिपोर्टासाठी थांबती व्हय?"

असं होतं तर. ती तिकडं सातपूरला पांढरा कोट घालून, चष्मा पुसून, घड्याळ लावून ज्या गोळ्यांचा न्याय करत बसली होती, त्या इकडं लोकांच्या पोटात कधीच्या जाऊन पडल्या होत्या. ती पास म्हणो की नापास, कोणाला काय फरक पडणार होता? तिची सही ही जेवण झाल्यावर वाढलेल्या मिठासारखी होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिनं हिरामणकडून पेला मागितला, चुलीवरचं कोमट पाणी घेतलं, त्यात एक गोळी टाकली आणि पेला दारातल्या स्टुलावर ठेवला. "बघा," एवढंच म्हणाली. बाया गोळा झाल्या. गोळी तळाशी जाऊन बसली. मोहिनीनं पाणी ढवळलं, पेला हलवला. आत पोरांना सुया टोचून झाल्या, नावं लिहून झाली, गोळी बसलीच होती. हिरामणनं ती बाहेर काढली, दोन बोटांत धरून दाबली आणि त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, वरून विचारणा आली होती, ताप का उतरत नाय म्हणून. म्या लिहून पाठवलं, लोक गोळ्या खात नायत." तो खाली मान घालून म्हणाला. "साहेबबी तेच म्हणले होते. डोंगरातले लोक हायत, फेकून देत्यात."

"कुटून द्या," मोहिनी म्हणाली. "चांगल्या येईपर्यंत पाट्यावर वाटून, चाटवून द्या. आत औषध आहे. नुसतं कोंडलेलं आहे."

घरी येऊन तिनं पाटा धुतला, गोळी वाटली आणि पाण्यात कालवून बाला दिली. देवरामनं घोट घेतला आणि त्याचं सगळं तोंड आक्रसलं. "आर्र! ही तर कडू जहर!"

"हीच ती. तुम्ही खात होता तीच," ती म्हणाली. "बा, ह्या गोळ्या मी पास केल्या नव्हत्या. नापास केल्या होत्या."

देवरामनं पेल्यातल्या गाळाकडं पाहिलं. मग म्हणाला, "तानुबाईची नात सगुणी गेली, तुला ठाव नसंल. ह्याच पंधरवड्यात. सात वर्सांची पोर. म्हातारी तिला पाठीवर घेऊन भगताकडं निघालती. म्याच वाटंत आडवा झालो. बोललो, मागं फीर, गोळी दे, माझ्या पोरीनं तपासलेली हाय." त्यानं पेला खाली ठेवला. "फिरली मागं. माझ्या शब्दावर फिरली."

दोन दिवसांत देवरामचा ताप उतरणीला लागला. मोहिनी डब्यातल्या मूठभर गोळ्या फडक्यात बांधून नाशिकला परतली ती थेट केबिनमध्ये शिरली. दार वाजवायचंही तिला सुचलं नाही. तिनं फडकं शेखर सरांच्या काचेच्या टेबलावर सोडलं. गोळ्या टणाटणा वाजत पसरल्या.

"ह्या मोडल्या होत्या ना? माझ्या पाड्यावर वाटताहेत. तुमच्या फोनच्या आधीपासून वाटताहेत!"

शेखर सरांनी आधी दार लावून घेतलं. मग शांतपणे एक कागद पुढं सरकवला. त्याच बॅचचा रिपोर्ट, पास. खाली रंगनाथरावांची वळणदार सही. "तुमची अडचण होती, म्हणून त्यांना तसदी दिली. विषय संपलाय. आणि शेवटची ओळ वाचा, म्हणजे तुमचंही समाधान होईल."

शेवटची ओळ ती रोज बघत होती. 'हा अहवाल फक्त आमच्याकडे आलेल्या नमुन्यापुरता आहे.' आलेल्या नमुन्यापुरता! बाकीचा लाखो गोळ्यांचा ढीग कोणाच्या पोटात जातो, त्याचं काय होतं, त्याच्याशी आमचा संबंध नाही. कोणा शहाण्यानं ही ओळ शोधून काढली असेल ती असो, पण हात झटकायला इतकी सोयीची ओळ दुसरी नसेल.

"सर, एक पोर मेली."

"तापानं मेली. आपल्या रिपोर्टानं नाही." सर खुर्चीत मागं रेलले. "हे बघा, वाईट वाटतं. पण तुमच्या भागातले लोक गोळ्या खातच नाहीत, हे सगळ्या जगाला माहीत आहे. द्यायच्या आणि त्यांनी गोठ्यात फेकायच्या. त्याला लॅब काय करणार?"

मोहिनीचा आवाज केबिनच्या काचेतून बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू गेला. "खाल्ल्या! सगळ्यांनी खाल्ल्या! माझ्या बानं खाल्ल्या, बायांनी लेकरांचे जबडे धरून खाऊ घातल्या. भगताच्या दारातून परत फिरून खाल्ल्या. का, तर तुमच्या लॅबमध्ये तपासतात म्हणून. तुम्ही त्यांच्याकडून काय वाटेल ते न्या सर, वर त्यांनाच खोटं पाडू नका!"

तेवढ्यात फोन वाजला आणि शेखर सरांनी तो उचलला. समोर बाई उभी असताना ते गोड आवाजात म्हणाले, "बोला, बोला, आपलीच आठवण काढत होतो." मोहिनीनं गोळ्या गोळा केल्या, पुन्हा फडक्यात बांधल्या, आणि पांढरा कोट त्यांच्या पुढ्यातच टेबलावर टाकला.

बाहेर रंगनाथराव चहाचा कप हातात घेऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "मोहिनी, माझ्यापुढं जे सॅम्पल होतं ते चांगलं होतं ग. त्यावर सही केली मी," ते पुटपुटले.

"माझ्यापुढंही तेच होतं, काका," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली. म्हाताऱ्या माणसाला याहून जास्त बोलणं तिच्या जिवावर आलं. पण कमी बोलली याची चुटपुट तिला पुढं कितीतरी दिवस लागून राहिली.

तिथून ती थेट औषध खात्याच्या कार्यालयात गेली. तिथले इन्स्पेक्टर मात्र भले निघाले. त्यांनी ऐकून घेतलं, मध्ये एकदाही 'तुमचे लोक' म्हटलं नाही. सीलबंद सॅम्पल उपकेंद्रातून आपण स्वतः उचलू, सरकारी प्रयोगशाळेत पाठवू, वापर थांबवायचं पत्र आजच काढू, असं म्हणाले आणि लगेच टाइप करायला दिलंही. मग म्हणाले, "निकालाला वेळ लागेल, बाई. आणि पत्र जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून तुमच्या पाड्यावर जाईल. मी कितीही घाई केली तरी हिवताप त्याच्या आधी पोचेल."

मोहिनी तिथून उठली आणि रविवार कारंजावरच्या मेडिकलमधून हिवतापाच्या चांगल्या गोळ्या घेतल्या. दुकानाच्या दारातच एक तोडून जिभेवर ठेवली. ती इतकी कडू लागली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि बरं वाटलं. मग ती पुन्हा एसटीत बसली.

देवरामच्या अंगात अजून ताकद आली नव्हती. तरी तिनं गोळ्यांची पिशवी उचलली तसा तो काठी घेऊन उभा राहिला. "तू एकली नको जाऊ. शब्द म्या दिलाय, तर मागं घ्यायला म्याच पायजे."

बाप पुढं आणि लेक मागं, असे ते घरोघर फिरले. ज्या माणसाच्या सांगण्यावर पाडा भांडणं मिटवायचा, लग्नं ठरवायचा, तो प्रत्येक दारात उभं राहून म्हणत होता, "म्या चुकीचं सांगितलं होतं. त्या गोळ्या परत द्या, ह्या घ्या." कोणी वाद घातला नाही, कोणी बोल लावला नाही. उलट एका घरात त्यांना बसवून कोरा चहा दिला. मोहिनीला वाटत होतं, कोणीतरी ओरडावं, कोणीतरी चार शिव्या द्याव्यात. ज्यांना शिव्या द्यायच्या ते तिकडं सातपूरला फोनवर हसत होते, आणि मान खाली घालून उभा होता तिचा बाप.

तानुबाईचं घर पाड्याच्या टोकाला, एकटं. म्हातारी अंगणात सुपात नागली घोळत होती. सगुणीचा धाकटा भाऊ तिच्या पाठीला टेकून झोपला होता. त्याचंही अंग तापलेलं असावं, कारण म्हातारीनं स्वतःचा पदर ओला करून त्याच्या डोक्यावर टाकला होता.

"तानुआजी," मोहिनी तिच्यापुढं बसली. "हिरामणनं दिलेल्या गोळ्या उरल्यात का?"

"हायत की." म्हातारी घरात गेली आणि एक चिंधी घेऊन आली. गाठ सोडली. आत गोळ्या होत्या, आणि एका बाजूला वेगळ्या ठेवलेल्या दोन. त्या बाकीच्यांपेक्षा जरा मळकट दिसत होत्या.

"ह्या वेगळ्या का?"

"ह्या सगुणीनं टाकलेल्या." तानुबाई अगदी साध्या आवाजात सांगू लागली. "परसाकडं बसायची तिथं घावल्या मला. पोर गालात धरून ठेवायची आन तिकडं जाऊन थुकायची. म्हणलं, औषध वाया कशाला घालवा, म्हणून धुवून ठेवल्या. लय समजावलं तिला. कडूबी नाय, तरी का टाकती ग? तर म्हणायची, आजे, म्या गिळली. पुन्ना दिली, पुन्ना तिथंच घावली. इचारलं तर तेच. रडायची, शपथ घ्यायची, गिळली म्हणायची. मंग मारलं म्या. चिंचेच्या फोकानं मारलं. तुझा बा एवढा सांगून गेला आन ही खोटं बोलती, म्हणून मारलं."

मोहिनीनं मागं वळून बापाकडं पाहिलं. देवराम काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. न सांगता निघून जाता आलं असतं. नव्या गोळ्या द्यायच्या, जुन्या घ्यायच्या, एवढंच तर काम होतं. म्हातारीला आता ते कळून कोणाचं काय भलं होणार होतं? पण ज्या पोरीला जगानं गोळ्या फेकणारी ठरवलं होतं, तिला तिच्या आजीजवळही खोटारडी राहू द्यायची?

"सांग तिला," देवराम म्हणाला.

"आजी, सगुणी खोटं बोलत नव्हती," मोहिनी म्हणाली. "तिनं गिळली होती. प्रत्येक वेळी गिळली होती. गोळीच वाईट होती. पोटात सुटली नाही, तशीच खाली पडली."

तानुबाईच्या लगेच ध्यानात आलं नाही. तिनं चिंधीतली एक मळकट गोळी उचलली, ती डोळ्यांजवळ नेऊन उलटसुलट करून पाहिली. मग पाठीमागं झोपलेल्या नातवाच्या अंगावरून हात फिरवला आणि मोहिनीला विचारलं,

"मंग मरताना ती मला सांगत व्हती ते खरंच व्हतं?"